नाव न ऐकलेले सिनेमे

“हे कुणी नावही न ऐकलेले कृष्णधवल इंग्रजी सिनेमे काय बघत बसता? ‘कॅसाब्लांका’ बघा की!” घरी येणारं कुणी ना कुणी हे म्हणतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

‘कॅसाब्लांका’ पाहिलाय, छानच आहे. पण शेवटी विमानात कोण बसणार हे मला आधीच पाठ होतं. गाजलेल्या सिनेमाला आपण हजेरी लावायला जातो. ज्याची कुणी शिफारसच केलेली नाही, त्यात पुढे काय होईल याचा पत्ता नसतो.

‘डीटूर’ (1945) घ्या. एडगर उल्मरचा, पीआरसी नावाच्या कफल्लक स्टुडिओत काढलेला, जेमतेम 68 मिनिटांचा. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, तर सेटवर धुकं सोडलंय आणि दोघं त्यातून चालताहेत. पुढे नायक लिफ्ट मागत लॉस एंजेलिसला निघतो, तेव्हा काही दृश्यांत गाड्यांचं स्टीअरिंग उजवीकडे दिसतं. पहिल्यांदा मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, आपल्याकडे तसंच असतं ना! नंतर ट्यूब पेटली, ही तर अमेरिका. पश्चिमेला निघालेला माणूस पडद्यावर उजवीकडून डावीकडे जायला हवा, म्हणून म्हणे फिल्मच उलटवली होती. ‘गन क्रेझी’मध्ये (1950) बँकेवर दरोडा पडतो आणि कॅमेरा बँकेत जातच नाही, गाडीच्या मागच्या सीटवर बसून राहतो. तीनेक मिनिटं, एकही कट नाही. असल्या जुगाडावर माझा जीव आहे.

पण खरा जीव अडकलाय तो ‘मेक वे फॉर टुमॉरो’त (1937). लिओ मॅकेरीचा. घर बँकेच्या ताब्यात जातं, पाच मुलांपैकी कुणालाच म्हातारे आईवडील दोघं एकत्र नको असतात, मग आई एकाकडे, वडील दुसरीकडे. आपल्या राजा परांजप्यांचा ‘ऊन पाऊस’ (1954) आठवेल. 1937च्याच आपल्या एका विनोदी सिनेमासाठी मॅकेरीला ऑस्कर मिळालं, तेव्हा तो म्हणाला, तुम्ही चुकीच्या सिनेमाला दिलंत. ‘मेक वे फॉर टुमॉरो’ चालला नव्हता. शेवट गोड करायला त्याने नकार दिला होता. म्हातारीचं काम करणारी ब्यूला बाँडी तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, हे मला अजून खरं वाटत नाही.

त्यात एक प्रसंग आहे. सुनेकडे ब्रिजचे डाव रंगलेत आणि सासूला नवऱ्याचा फोन येतो. ती मोठमोठ्याने बोलते, थंडीत जपतोस ना, वगैरे. पाहुणे आधी चुळबुळतात. मग पत्ते हातातच राहतात.

हा मी आईबरोबर पाहिला. तिला इंग्रजी येत नाही, ती शेजारी गवार निवडत होती. फोनच्या प्रसंगाला तिचा हात थांबला. ती काही बोलली नाही. म्हातारा आगगाडीत बसून जातो, म्हातारी फलाटावर एकटी उरते, तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, तर आई तो घेऊन गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतलं.