माथेरानची गाडी वर चढली कशी

मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण हे गाव खऱ्या अर्थाने घडवलं ते नेरळहून वर येणाऱ्या चिमुकल्या रेल्वेने.

मुंबईच्या पीरभॉय या उद्योजक कुटुंबाने 1904 मध्ये काम सुरू केलं, 1907 मध्ये गाडी धावली. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. कारण सरळ आहे: रूळ जितके जवळ, तितकं वळण आवळता येतं आणि कडा कमी फोडावा लागतो. म्हणूनच जवळपास 20 किलोमीटरच्या मार्गावर बोगदा एकच आहे. चढ मात्र काही ठिकाणी 20 फुटांना एक फूट. अशा वळणांवर साधं इंजिन अडकलं असतं. जर्मनीतल्या ओरेनस्टाईन अँड कोपेलने बनवलेल्या इंजिनांचे पुढचे-मागचे आस वळणासोबत थोडे सरकत, त्यामुळे चाकं रुळाला धरून राहत.

खरा शत्रू पाऊस. वरचा थर जांभ्याचा. पाणी मुरलं की माती सुटते आणि रुळाखालचा भराव वाहून जातो. जुलै 2005 मध्ये नेमकं हेच झालं, गाडी 2007 पर्यंत बंद राहिली. 2019 च्या पावसानंतर पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला.

आणखी एक गोष्ट, जी पर्यटकांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवी: सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झालेले स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल याच गावचे.