पहिलं नाव

मंगळवार, रात्री साडेअकरा

नानांनी तोंडावरचं उपरणंसुद्धा काढलं नव्हतं. खाटेवर आडवे होते, मला वाटलं झोपलेत. उपरण्याच्या आतूनच म्हणाले, "पह्यले भाऊच जातीन. त्यात काय इचारायचं?"

त्याआधी प्रतिभाताईंनी माझंच नाव घेतलं होतं. आणि किरण म्हणाला, "मी पण तेच म्हणणार होतो." तीन तोंडं, एक नाव. कोणी क्षणभर थांबलंसुद्धा नाही. जरा आठवल्यासारखं करून, इकडेतिकडे बघून घेतलं असतं, तर इतकं लागलं नसतं.

शनिवारच्या वादळाचं काय लिहू. मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, कटतीला म्हणजे तोडणीला आलेली, घड पोसलेले, आणि पाऊण तासात सगळं आडवं. रावेर-सावद्याकडे आज कोणाच्याही ओट्यावर बसा, हेच ऐकाल. वर्षभर जपलेली बाग अशी झोपते तेव्हा बघवत नाही. लोकांचं एवढं गेलं आणि मी कुठलं एक वाक्य धरून बसलोय, हे मला कळतं. तरी सुटत नाही.

लाइट सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. फाटकासमोरचा निंब आडवा पडला, म्हणजे गाडी येणं नाही, जाणं नाही. प्रतिभाताईंना न्यायला येणारे घरीच अडकले. कंटेनर मुक्ताईनगरच्या अलीकडे थांबलेला. जनरेटर फक्त केळी ठेवायच्या चेंबरला. ऑफिसात इन्व्हर्टरवरचा एक बल्ब, पंखा बंद, आणि बाहेर पत्र्यावर असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. किरणने पाण्याच्या भांड्याला मोबाईल टेकवला आणि आधीच उतरवून ठेवलेला एक पिक्चर लावला.

इंग्रजी, हिंदीत डब केलेला. पैसे नव्हते त्यांच्याकडे, ते दिसतच होतं. एक ऑफिस, एकच मजला, ओव्हरटाइमला थांबलेली सहा माणसं. वीज जाते, खालचं शटर बंद होतं, आणि त्या सहांतलाच एक खुनी. आतून शटर उघडतच नाही, हे काही मला पटलं नाही. आमच्या चेंबरच्या दारालासुद्धा आतून ढकलायचा दांडा आहे, बाहेरून कडी लागली तरी माणूस आतून निघू शकतो. माणसं आत असताना दार आतून उघडता आलंच पाहिजे. पण शटर उघडलं असतं तर पिक्चर दहा मिनिटांत संपला असता, तेही खरं.

मधे मला दोनदा उठावं लागलं. जनरेटर खोकायला लागला की मला बसवत नाही. दोन नंबरचा चेंबर 15 अंशांवर गेला होता. केळी निर्यातीची, 13 किलोच्या खोक्यांत भरलेली. 13 अंशांच्या खाली उतरलं की साल काळवंडते, वर चढत राहिलं की माल वाटेतच पिकायला लागतो. न्हावाशेव्याहून जहाजाने आखातात पोचेपर्यंत तो हिरवा राहायला हवा. डिझेलची नळी सारखी केली, आकडा उतरेपर्यंत थांबलो, चिंब होऊन परत आलो. पिक्चर होता तिथेच थांबलेला, किरणचा अंगठा स्क्रीनवर.

संपल्यावर किरणनेच विचारलं. आपल्या चौघांना असं कोंडलं आणि बाहेरून तसा कोणी आत शिरला, तर पहिला कोण जाईल?

पुढचं वर लिहिलंय.

रविवारी घरी तो पिक्चर पुन्हा पाहिला. एकट्याने, दुपारी, दारं लावून. पहिला मरतो तो देखभालीचा माणूस. निळा शर्ट, कमरेला टॉर्च. फ्यूज उडालाय म्हणून तळघरात जातो. बाकीचे पाच जण वर बसून भांडत असतात, याला कोणी जा म्हटलेलं नसतं. मी घड्याळ लावून मोजलं, साडेसात मिनिटं तो पडद्यावर आहे. त्याचं नाव एकदाही कोणी घेत नाही. आणि शेवटी ती वाचलेली मुलगी, खांद्यावर घोंगडी, मागे ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा, पोलिसाला सांगते, "हम पाँच लोग थे."

मागे नेऊन तीनदा ऐकलं. पाँच.

सहा होते. मी मोजलेत. सुरुवातीला सगळे लिफ्टमधून उतरतात तेव्हा सहा जण आहेत, सगळ्यात मागे हा, हातात डबा.

डबिंगवाल्याची चूक असेल. लिहिणाऱ्याची असेल. सोमवारी किरणला दाखवलं तर तो म्हणाला, "भाऊ, कमी पैशातल्या पिक्चरमध्ये असंच असतं. पहिला मरणारा म्हणजे एका दिवसाचा कलाकार. त्याचं काम उरकायचं, पैसे द्यायचे, पाठवून द्यायचं. महागातला शेवटपर्यंत ठेवतात." तो लग्नांची शूटिंग करतो, दोन-चार शॉर्टफिल्मवाल्यांबरोबर फिरलाय, त्याला त्यातलं कळतं. त्याने सहज सांगितलं. पण एका दिवसाचा कलाकार हे शब्द मी दिवसभर तोंडात घोळवत राहिलो.

मला सिनेमाचं वेड लहानपणापासून आहे, आणि कमी पैशातल्या सिनेमाबद्दल मला आदर आहे. आपल्या मालेगावात तर यंत्रमागावर राबणारी माणसं सुट्टीच्या दिवशी हिरो होतात, सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉली करतात, बैलगाडीची क्रेन करतात. पैसे नसले की डोकं चालवावं लागतं, आणि डोकं चालवलेलं पडद्यावर दिसतं. 1999 साली राम गोपाल वर्माने 'कौन' केला. एक घर, बाहेर पाऊस, दारावर बेल, आणि उर्मिला, मनोज बाजपेयी, सुशांत सिंह, एवढीच माणसं. गाणं नाही. मी तेव्हा भुसावळला होतो, रात्री स्टेशनवरून खोलीवर चालत जाताना दर दहा पावलांना मागे बघत होतो. भीतीला माणसं फार लागत नाहीत. पण जेवढी घेतली तेवढ्यांचा हिशोब ठेवावा. तीन माणसांत कोणी हरवत नाही. सहांत हरवतो?

मग मला 'सायको' आठवला, आणि खरं सांगतो, रविवारी रात्री त्याच्यावरच मला झोप लागली. हिचकॉकने 1960 साली तो मुद्दाम कमी पैशात केला. टीव्हीच्या मालिकेची माणसं घेतली, कृष्णधवल ठेवला, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. सुमारे 8 लाख डॉलरांत बसवला. आणि त्यात त्याने सगळ्यात नावाजलेल्या नटीलाच, जॅनेट लीला, अर्धा पिक्चर व्हायच्या आत मारून टाकलं. पाट्यांवर जिचं तोंड, तीच गेली. म्हणजे पहिला जाणारा स्वस्तातलाच असतो असं नाही.

शिवाय त्याने थिएटरवाल्यांना बजावलं होतं की पिक्चर सुरू झाल्यावर कोणाला आत सोडायचं नाही. कारण उशिरा येऊन बसलेला माणूस तिची वाट बघत राहील. ती कधीच गेलेली, आणि हा अंधारात बसून विचारतोय, कुठे आहे, अजून कशी आली नाही.

हे पूर्वी वाचलं होतं तेव्हा जाहिरातीची हुशारी वाटली होती. आता वाटलं, मी गेलो तर उशिरा येऊन कोण विचारेल?

नाशिकला फोन केला. हिला सगळं सांगितलं, वादळाचं, पिक्चरचं, तिघांनी नाव घेतल्याचं. ती जरा थांबून म्हणाली, "जेवलात का?" मग पिंकीच्या फीचं निघालं. मग ते नेहमीचं. ते इथे नको.

मालकांच्या मुलाने चेंबरला नवीन यंत्रणा बसवायचं काढलंय. तापमान, गॅस, सगळं मोबाईलवर दिसेल, आकडा हलला की भोंगा वाजेल. चांगलंच आहे. रात्री कोणी थांबायला नको, असंही तो म्हणाला. ते माझ्याकडे बघून म्हणाला की नुसतंच म्हणाला, सांगता येत नाही.

सोमवारी मी डबा वेगळा बसून खाल्ला. पॅकिंग शेडच्या मागे, क्रेटांच्या थप्पीवर. कळण्याची भाकरी आणि लोणगी मिरचीचा ठेचा, आणि एकट्याला तो घास गिळेना. प्रतिभाताई दोनदा दारात येऊन बघून गेल्या. हाक नाही मारली. मी पण वर पाहिलं नाही. माझ्या वयाच्या माणसाने असं वागू नये. पण मनात एकच चाललेलं. यांना मी एवढा स्वस्त वाटतो? की म्हातारा? की दुबळा? किरण तर माझ्यापेक्षा हडकुळा आहे. नाना साठीच्या पुढचे, त्यांच्या गुडघ्यात पाणी. पळायचं म्हटलं तर नाना काही पाच पावलं जायचे नाहीत. मग मीच का?

आणि मला कोणी विचारलंच नाही, तुम्हाला कोण वाटतं. हेही लागलं.

संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. वादळानंतर रोजचंच झालंय, खांबच पडलेत. जनरेटर आपोआप सुरू होतो, पण तेल चढायला वेळ घेतो आणि कधीकधी घुसमटून बंद पडतो. मी ठरवलं, आज उठायचं नाही. बघू कोण उठतं. खुर्चीत बसून मनात आकडे मोजायला लागलो. किरण मोबाईलमध्ये. प्रतिभाताई बिलं लावत होत्या. नाना दारात, बाहेर तोंड करून. जनरेटर सुरू झाला, खोकला, पुन्हा खोकला. माझे आकडे चालूच. सोळा. सतरा. माझे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले होते. तीन नंबरमध्ये पिकायला लावलेला माल आहे, गॅस देऊन चोवीस तास होत आलेले. आता दार उघडून आतली कोंडलेली हवा काढायची वेळ, नाहीतर पिकणं अडतं, अर्धा माल पिवळा अर्धा हिरवा. कोण्या शेतकऱ्याची वादळातून वाचलेली एवढीच केळी असेल. बावीस.

बावीसला उठलो.

बाहेर पडताना नानांना ओलांडून जावं लागतं. तिथेच थांबून विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. म्हणालो, "नाना, शनिवारी माझंच नाव का घेतलं?"

त्यांना आठवायलाच वेळ लागला. मी दोन दिवस ज्याच्यावर कुढत होतो, ते त्यांना आठवेना. मग म्हणाले, "लाइट गेली का कोन उठते?"

मी काही बोललो नाही.

"तुमीच उठता ना. मंग अंधारात पह्यले कोन जाईन?" आणि हाताने जनरेटरकडे दाखवलं. "जा ना भो, बंद पडू राह्यला तो."

गेलो. नळीत हवा धरली होती. काढली. तीन नंबरचं दार उघडलं, आतून ती गरम, गोडसर हवा अंगावर आली. पिकायला लागलेल्या केळीचा वास मला अजूनही आवडतो, इतकी वर्षं झाली तरी. दाराशी उभा राहून वाटलं, बरोबर आहे. त्यांनी माझं मोल करून नाव घेतलं नव्हतं. जे रोज बघतात ते सांगितलं. तसा कोणी आत शिरला आणि अंधार झाला, तर मी जाणारच. आणि मीच मरेन. त्याला काय करायचं. बसून राहायचं मला बावीस आकड्यांच्या वर जमत नाही.

वाईट अजून वाटतंय. ते बावीसला उठल्यावर सगळं गेलं असं नाही. पण त्यातलं टोचणारं काहीतरी बोथट झालं.

आज दुपारी कंटेनरच्या भाड्यावरून वाद निघाला. गाडीवाला म्हणतो शनिवारी रात्रीच फाटकावर आलो होतो, थांबल्याचे पैसे द्या. प्रतिभाताई म्हणाल्या, भाऊ, जरा फाटकाचं रजिस्टर बघून सांगता का. नानांचं ते रजिस्टर मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे पाण्याने फुगलेले, मधे दोऱ्याला बांधलेलं पेन. चार रकाने: नाव, आत, बाहेर, सही. नानांचं अक्षर मोठं, एका ओळीचं दोन ओळींत जाणारं.

शनिवारचं पान काढलं. गाडी पहाटे 4.20 ला आलेली, म्हणजे गाडीवाला खोटं बोलत होता. वर चार नावं. प्रतिभाताई, बाहेर 11.40, निंब तोडून रस्ता केल्यावर त्यांचे भाऊ येऊन घेऊन गेले ते. किरण, बाहेर 11.45. नानांनी स्वतःचंही नाव लिहिलेलं. मग माझं. आत, सकाळी 9.10. बाहेरच्या रकान्यात वेळ नव्हती. मी रात्री गेलोच नव्हतो, चेंबरपाशी होतो. रकाना मोकळा सोडला असता तर चाललं असतं. तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "हाये".

मागची पानं उलटली. 19 तारीख, मी रात्री थांबलो होतो. हाये. 14 ला हाये. 11 ला हाये, आणि त्याच्याखाली पेन उमटत नव्हतं म्हणून कागदावर खूप वेळा गिरवल्याच्या निळ्या रेघा. एप्रिलमध्ये लागोपाठ पाच दिवस. हाये, हाये, हाये, हाये, हाये.

नाना दारात येऊन उभे राहिले. "काय पाहू राह्यले एवढं?"

"गाडीचा टाइम," म्हणालो, आणि पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागलो.