सहावं गुणसूत्र जरा जास्तच सरळ आलं

गुरुवारी रात्री अडीचला माझ्या कोरगुट भाताची बाराच्या बारा गुणसूत्रं स्क्रीनवर ओळीत उभी राहिली आणि मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या पिटल्या. बियाणं गोव्यातल्या चोडण बेटावरच्या आत्याच्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खारं पाणी आत शिरलं तरी तग धरणारं भात.

आमच्याकडे लाँग-रीड सिक्वेन्सिंगपुरतेच, म्हणजे डीएनएची अक्षरं लांब-लांब तुकड्यांत (रीड्स) वाचण्यापुरतेच पैसे होते. रीड्स जोडून कॉन्टिग, म्हणजे आणखी लांब सलग तुकडे, मिळाले, काही शेकडा. पण कुठला कुठे बसतो ते कळायला हाय-सी (पेशीत डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ असतात ते दाखवणारं तंत्र) लागतं, आणि ते परवडणारं नव्हतं. मग नातेवाइकाचा आधार घेतला: निप्पोनबारे, जापोनिका गटातलं जपानी भात. २००५ साली त्याचा क्रम प्रसिद्ध झाला, साधारण ३९ कोटी अक्षरांचा. संदर्भाच्या क्रमावरून कॉन्टिग लावणारं रॅगटॅग सॉफ्टवेअर चालवलं, आधी ‘करेक्ट’ (चुकीचे जोड कापायला), मग ‘स्कॅफोल्ड’ (तुकडे ओळीत लावायला). दोन्ही क्रम ताडून दाखवणाऱ्या डॉट प्लॉटवर कशी सुतात रेघ आली होती!

मॅडमनी सकाळी प्लॉट पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला. “सहाव्यावर काहीच उलटं नाही?”

इंडिका या भाताच्या दुसऱ्या मोठ्या गटातल्या बऱ्याच वाणांत सहाव्या गुणसूत्रावर, सेंट्रोमियरच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाच्या) आसपास, जवळपास ५० लाख अक्षरांचा तुकडा निप्पोनबारेच्या मानाने उलटा असतो. माझ्याकडे तो सुलटा. परत मूळ कॉन्टिग काढून बघितले, तर तिथे तो उलटाच! ‘करेक्ट’ला संदर्भाशी जुळलं नाही ते चुकीचं वाटलं, त्याने तिथे कात्री लावली, ‘स्कॅफोल्ड’ने तो तुकडा फिरवून निप्पोनबारेसारखा बसवला आणि सांध्यांवर शंभर-शंभर एन (‘इथलं अक्षर माहीत नाही’ची खूण) भरले. रीड्स सोबत दिले असते तर कापण्याआधी त्याने ते ताडून पाहिलं असतं. मी दिले नव्हते. घाई.

आत्याची भजनाची वही सुटली तेव्हा आम्ही पानं शेजारणीच्या वहीवरून लावली होती. आत्याच्या सासूचे तीन अभंग शेजारणीच्या वहीत नव्हतेच. ती पानं अजून कपाटात, पिशवीत.

माझी पिशवी म्हणजे कुठेच न बसलेले कॉन्टिग. आधी मी त्यांना कचरा म्हणत होते. पण पुरात भाताला तगवणारं सब-१ए जनुक निप्पोनबारेत नाहीच. ते ओडिशाच्या एफआर१३ए वाणातून सापडलं. फक्त निप्पोनबारेकडे बघत बसलं असतं कुणी, तर? खारं सोसायचं कोरगुटचं काही गुपित माझ्या पिशवीत असेलही. नसेलही. पण ती फाईल आता मी डिलीट करणार नाही.

काल आत्याचा फोन. “बाय, आमच्या भाताचें कितें जालें?”

म्हटलं, आत्ये, एक तुकडा उलटा होता, मी सरळ केला, आता परत उलटा करतेय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विचारलं, जेवलीस का.

रन संध्याकाळी लावलाय, या वेळी रीड्ससकट.