आमची वाटचाल : अल्व्हाचा अर्क आणि लेबलवरची एक ओळ

हिरव्या शेवाळाचा अर्क काढणारे पुष्कळ आहेत. पण अल्व्हा हे समुद्रातलं हिरवं शेवाळ धुण्यापासून पूड भरण्यापर्यंतचं काम स्वतः करून प्रत्येक बॅचसोबत एन्डोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंकडून अर्कात येणाऱ्या विषाचा, अहवाल देणारे आमच्याएवढे छोटे उद्योग फार नाहीत. त्या अहवालावर माझी सही असते आणि मला तिचा अभिमान आहे.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. मी यंत्रांचा माणूस, भागीदार रसायनाचा. वाळलेली अल्व्हा आधी इथेनॉलमध्ये भिजवून हरितद्रव्य काढायचं, मग गरम पाण्यात अर्क उतरवायचा, सेंट्रिफ्यूजमधून फिरवायचा आणि निवळ पाण्यात पुन्हा इथेनॉल ओतायचं. मग अल्व्हानचा, म्हणजे या शेवाळातल्या सल्फेट असलेल्या शर्करा-साखळ्यांचा, पांढुरका साका तंतूतंतूने वर येतो. भागीदार तो काचेच्या कांडीवर गुंडाळून उजेडात धरायचा आणि धागा तुटतो कसा यावरून बॅचची जात सांगायचा. क्षार गाळून काढणाऱ्या मेम्ब्रेनसाठी, त्या बारीक छिद्रांच्या पडद्यासाठी, हट्ट त्याचाच. शेवाळात सोडियम-पोटॅशियम भरपूर, आणि असा अर्क घेणाऱ्या, किडनी थकलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर बेततं. 'क्षार निघालेच पाहिजेत,' एवढंच तो म्हणायचा. कर्ज काढून मेम्ब्रेन आणली.

पुढे धंदा बरा चालला. मग एक स्पर्धक आला. त्याने वाळलेलं शेवाळ नुसतं दळून त्याला 'अर्क' म्हटलं आणि डब्यावर छापलं, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) उतरतं, डायलिसिस टळतं. आमच्या सगळ्यात मोठ्या वितरकाने तीच ओळ आमच्याकडेही मागितली. आम्ही नाही म्हटलं आणि त्याने पुढची सगळी मागणी रद्द केली. तयार माल गोदामात पडून राहिला, हप्ते थकले, बँकेचा माणूस सेंट्रिफ्यूजचा नंबर उतरवून घेऊन गेला. भागीदाराने स्वतःचा पगार बंद केला, पण मेम्ब्रेन विकू दिली नाही. त्या स्पर्धकाचा डबा दुकानात दिसला की आजही माझं रक्त उसळतं.

ती ओळ का नाकारली, तेही सांगतो. अल्व्हानमुळे किंवा कॉलर्पा या दुसऱ्या हिरव्या शेवाळातल्या कॉलर्पिन या द्रव्यामुळे टीएनएफ-आल्फा आणि आयएल-६ हे दाहाचे संदेश कमी होतात, पेशीत दाह पेटवणारा एनएफ-कप्पा-बीचा मार्ग थंडावतो, असं पेशींवर आणि उंदरांवर दिसलं आहे. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध देऊन किडनी दुखावलेल्या प्राण्यांमध्ये काही अर्कांनी युरिया-क्रिएटिनिनही उतरलं आहे. पण औषधाने चार-आठ दिवसांत झालेली इजा वेगळी आणि मधुमेहाने वर्षानुवर्षं घट्ट होत गेलेली किडनी वेगळी. शिवाय रेणूचा आकार आणि सल्फेटचं प्रमाण बदललं की हेच अल्व्हान मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना शांत करण्याऐवजी चेतवूही शकतं. अशा मालावर डायलिसिस टळण्याची हमी छापायची?

त्या दिवसांत आम्हाला तगवलं एका संशोधक मॅडमनी. किडनीच्या दाहावर त्यांचं काम. मागणी लहान, पण कधी चुकली नाही, आणि पैसे वेळेवर. एन्डोटॉक्सिनची अट त्यांनीच घातली. कारण अर्कातच जिवाणूंचं एलपीएस, म्हणजेच एन्डोटॉक्सिन, असेल तर पेशी त्यानेच भडकतात आणि निकालाला काही अर्थ उरत नाही. तो अहवाल पाहूनच इतर प्रयोगशाळा आमच्याकडे आल्या आणि कर्ज फिटलं.

या धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो, सांडपाण्याजवळचं शेवाळ फुकट मिळालं तरी उचलू नका, ते शिसं-कॅडमियम धरून ठेवतं. रंगावरून माल घेऊ नका, राखेचं प्रमाण, म्हणजे त्यात क्षार-खनिजं किती, ते विचारा. आणि ज्यांच्या घरी किडनीचा रुग्ण आहे त्यांनी आमचाच काय, कोणाचाही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. डब्यावर पोटॅशियमचा आकडा नसेल तर तो डबा परत करा.

सध्या मॅडमना अल्व्हानचे लहान रेणू वेगळे करून हवे आहेत. भागीदाराने त्यासाठी नवी मेम्ब्रेन लावली आहे आणि पहिली बॅच तपासणीला गेली आहे.