आधी फिल्टर, मग पॉवर

नव्या एअर फिल्टरचा संच घरी आला, तेव्हा आतल्या मालाआधी माझी नजर खोक्यावरच्या बारीक अक्षरांवर गेली. प्रदूषण-नियंत्रित वाहनावर हा संच कॅलिफोर्नियात वापरणे कायदेशीर नाही, असे त्यावर स्वच्छ छापलेले होते; आणि तरीही तो कॅलिफोर्नियातल्याच माझ्या दारात बिनबोभाट येऊन पडला होता. विकणाऱ्याने अंग झटकले, पोचवणाऱ्याने झटकले, आणि काळजीचे लोढणे तेवढे घेणाऱ्याच्या गळ्यात! त्या एका ओळीने माझे कितीतरी शनिवार-रविवार खाल्ले, म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहितो आहे.

गाडी म्हणजे यामाहाची रॅप्टर ७००, मोटरसायकलसारखे हँडल असलेली चारचाकी क्वाड. ६८६ सीसीचा एकच सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन आणि सुमारे १९० किलो वजन. नागावच्या किंवा काशिदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्या क्वाड आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. त्यांच्यात आणि हिच्यात हँडल आणि चार चाके एवढेच साम्य आहे. सॅन डिएगोहून पूर्वेला अडीच-तीन तास गेले की मेक्सिकोच्या सीमेलगत इम्पीरियल सँड ड्यून्स लागतात. इथली मंडळी त्या भागाला ग्लॅमिस म्हणतात. साठ-पासष्ट किलोमीटर लांबीचा हा वाळूचा पट्टा आहे आणि त्यातल्या काही टेकड्या नव्वद मीटरपर्यंत चढतात. ७८ क्रमांकाच्या हमरस्त्याच्या उत्तरेचा बराचसा भाग अभयारण्यासारखा राखलेला असून तिथे वाहनांना बंदी आहे. दक्षिणेला मात्र हिवाळ्यात, विशेषतः थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, जत्रा भरते. या जत्रेत ज्याला त्याला आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा जास्त पळायला हवी असते, आणि त्या हौसेची सुरुवात बहुतेक वेळा एअर फिल्टरपासून होते.

या राज्याचा नियम थोडक्यात असा. ज्या ऑफ-रोड, म्हणजे रस्त्याबाहेर चालवायच्या, गाड्या प्रदूषणाच्या मानकांत बसतात त्यांना हिरवे स्टिकर मिळते. मानकांत न बसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांना पूर्वी लाल स्टिकर मिळत असे. २०२२ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांसाठी ती सोय बंद झाली. माझ्या गाडीचे स्टिकर हिरवे आहे. अशा गाडीत हवेच्या किंवा इंधनाच्या मार्गात फेरफार करणारा भाग बसवायचा असेल, तर त्या भागाला राज्याच्या हवा मंडळाकडून सूट मिळाल्याचा आदेश क्रमांक लागतो. मूळ भागाच्या जागी बसणारा, त्याच मापाचा आणि तेच काम करणारा फिल्टर चालतो. फिल्टरपेटीचे झाकण काढून उघड्यावर बसवायचा मोठा शंकू असेल, तर तो बहुधा चालत नाही. यातली गंमत अशी की, उत्साही मंडळींना नेमके तेच झाकण काढायचे असते.

तसे करण्यामागे कारणही खरे आहे. इंजिनाची ताकद शेवटी ते किती हवा आत घेते यावर ठरते. कंपनीच्या पेटीत हवेला अडवण्याचे काम फिल्टरपेक्षा झाकण आणि त्यावरचे अरुंद नळकांडे जास्त करते, कारण हवा ओढली जातानाचा आवाज दाबण्यासाठीच ते ठेवलेले असते. त्यामुळे नुसता फिल्टर बदलून ताकद वाढते ही जाहिरातीतली थाप आहे. झाकण तसेच राहिले तर बसणाऱ्याला फरक जाणवतसुद्धा नाही. झाकण काढले तर फरक पडतो, पण मग हवा जास्त आणि पेट्रोल तेवढेच, असे मिश्रण पातळ होते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग हे जळण्याचे आदर्श प्रमाण, तर पूर्ण ताकदीसाठी ते १३ च्या आसपास असावे लागते. माझ्या गाडीत धूर पाहून मिश्रण सुधारणारा ऑक्सिजन सेन्सर नाही, म्हणजे आतल्या संगणकाला झाकण उडाल्याचा पत्ताच लागत नाही. गाडी तापते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि भर चढावर पिस्टनला झळ बसते. त्यावर उपाय म्हणून पॉवर कमांडरसारखा वेगळा कंट्रोलर बसवून पेट्रोल वाढवायचे. झाकण, सायलेन्सर आणि पेट्रोल ही तिन्ही कामे एकत्रच करावी लागतात. त्यातले एकच केले तर पैसे वाळूत.

आता आवाजाविषयी लिहितो, कारण माझा खरा राग तिथे आहे. १ जानेवारी १९८६ पासून पुढे बनलेल्या ऑफ-रोड गाड्यांना या राज्यात ९६ डेसिबलची मर्यादा आहे, आणि त्याहून जुन्या गाड्यांना १०१ ची. सायलेन्सरच्या तोंडापासून वीस इंचांवर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरतात, इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांच्या साधारण निम्म्यावर नेतात आणि आकडा वाचतात. एका मैदानाच्या प्रवेशद्वाराशी माझ्या पुढच्या तरुणाला याच चाचणीत परत पाठवताना मी पाहिले. तपासणारा माणूस अत्यंत नम्र होता. त्याने त्या मुलाला सायलेन्सरच्या तोंडात बसणाऱ्या आवाज-रोधक नळीची माहिती दिली आणि आत ठिणगीरोधक जाळी आहे की नाही हेही तारेने चाचपून पाहिले. कोरड्या झुडपांच्या मुलखात ही जाळी का लागते, हे सांगण्याची गरज नाही. तरीही मला राग आला. चारी बाजूंना दृष्टी पोचेल तिथवर ओसाड माळ, जवळपास वस्ती नाही, आणि दोन-तीन डेसिबलसाठी माणसाला माघारी धाडायचे! पण डेसिबलचे गणित असे आहे की, तीन वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणजे ते ‘दोन-तीन’ वाटतात तितके क्षुल्लक नसतात. शिवाय मोटोक्रॉसच्या कितीतरी जागा आवाजाच्या तक्रारींमुळेच बंद पडल्या, हे इथले जुने क्वाडवाले स्वतःच सांगतात. हे सगळे पटते, पण राग काही जात नाही.

याच संदर्भात आपल्याकडच्या बुलेटच्या सायलेन्सरचा विषय निघतोच. फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून पोलीस त्यांच्यावर भर चौकात रोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात आणि इथले माझे सहकारी ती पाहून हसतात. त्यांचे हसणे मला आवडत नाही. ज्या शहरात रुग्णालय, शाळा आणि बुलेट एकाच गल्लीत नांदतात तिथे रोलरची भाषाच लवकर समजते. वीस इंचांवर मायक्रोफोन धरून उभे राहायला पुण्याच्या चौकात जागा कुठे आहे? मात्र गैरसोयीचे असले तरी खरे बोलले पाहिजे: इथे नियमाचा आकडा आधी माहीत असतो, मोजण्याची रीत ठरलेली असते आणि गाडीवाल्याला घासाघीस करायला वाव नसतो. मी स्वतः नवा सायलेन्सर घेतला आहे. तो हौसेखातर घेतलेला नसून मूळ सायलेन्सरपेक्षा वजनाला हलका आहे म्हणून घेतला आहे, आणि तो मर्यादेत बसतो. आवाज थोडा भारदस्त येतो, हा त्याचा निव्वळ आनुषंगिक गुण समजावा.

ताकदीच्या नादात ज्याकडे दुर्लक्ष होते, त्या फिल्टरच्या मुख्य कामाकडे आता वळतो. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ सिलिंडरमधल्या अनेक धातूंपेक्षा कठीण असतो. टेकडीवरची जाड वाळू दिसायला भयंकर वाटली तरी ती फिल्टरवर सहज अडते. खरा शत्रू म्हणजे तंबूंच्या जागेपासून टेकड्यांपर्यंतच्या कच्च्या वाटेवर, पुढच्या गाडीमागे लोंबकळणारी पिठासारखी धूळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये शिरून सर्वाधिक घासणारा कण त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा, किंवा त्याहूनही लहान असतो. रिंगा झिजल्या की इंजिन तेल खाते, धूर मारते आणि शेवटी ब्लॉक-पिस्टनचे काम निघते. जगभरात फिल्टर तपासण्यासाठी जी प्रमाणित धूळ वापरतात, ती शेजारच्याच ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या वाळूपासून बनते. आमच्या नाकातोंडात जाणारी धूळही थोडीफार त्याच गोत्राची आहे, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

फिल्टरचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. कागदी फिल्टर रस्त्यावरच्या गाड्यांना ठीक, कारण ओल लागली की त्याचा दम सरतो. तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा फिल्टर हवा मोकळी सोडतो, धुऊन पुन्हा वापरता येतो, आणि डांबरी रस्त्यावर मी तो डोळे मिटून वापरीन. बारीक धुळीत मात्र माझा विश्वास तेलात भिजलेल्या दुहेरी फोमवर आहे. बाहेरचा फोम जाड छिद्रांचा आणि आतला बारीक छिद्रांचा असल्यामुळे धूळ नुसती पृष्ठभागावर न साचता फोमच्या खोलीत अडकते, आणि फिल्टर हळूहळू भरत गेला तरी हवा एकदम कोंडत नाही. मी मूळ मापाचा, मूळ पेटीत बसणारा दुहेरी फोम घेतला आणि वर पाणी झटकणाऱ्या कापडाची टोपी चढवली. टेकड्यांतून आल्यावर ती टोपी झटकली की निम्मे काम तिथेच होते.

फोम धुण्याची रीत नीट सांगतो, कारण आपल्या गॅरेजांत फिल्टरवर कॉम्प्रेसरने हवा मारून तो परत बसवण्याची सवय आहे आणि फोमच्या बाबतीत ती घातक आहे. पेट्रोलने धुऊ नये; त्याने सांध्यांचा डिंक सुटतो आणि आगीची भीती ती वेगळीच. फोमसाठी मिळणारे क्लीनर वापरावे, मग साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून मळ काढावा. पिळू मात्र नये, कारण पिळला की शिवण उसवते. पूर्ण वाळल्यावर फोम प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर फिल्टरचे तेल ओतावे आणि कणीक मळावी तसा तो मळावा. हे तेल मुद्दाम रंगीत असते. पांढुरका डाग कुठे राहिला तर तिथून धूळ आत जाणार हे डोळ्यांना दिसते. शेवटी पेटीला टेकणाऱ्या कडेवर ग्रीसची पातळ रेघ ओढावी, कारण उत्तम फिल्टरही कडेने गळला तर कुचकामी ठरतो. पुढच्या खेपेला फिल्टर काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरे फडके फिरवावे. फडके स्वच्छ निघाले तर बाकी सगळे ठीक. कंपनीच्या पुस्तकात वीस ते चाळीस तासांनी सफाई करण्यास सांगितले आहे आणि धुळीत त्याहून लवकर. ग्लॅमिसमध्ये मी रोज संध्याकाळी पेटी उघडतो. मजुरीचे इथले दर ऐकले की हात आपोआप कामाला लागतात, त्यामुळे यात माझा फार मोठा गुण आहे असे नाही.

झाकण मी अखेर काढले नाही आणि तो वादग्रस्त संच परत केला. ताकदीची हौस दुसऱ्या मार्गाने भागवली. वाळूत चढताना वल्ह्यासारखे पट्टे असलेले पॅडल टायर मागच्या चाकांना लावले. त्यांच्यामुळे इंजिनावर भार वाढतो, म्हणून पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी ओढणारे दातेरी चाक, एका दाताने लहान केले. चौदाचे तेरा दात केले की चाकाला मिळणारा जोर सुमारे सात-आठ टक्क्यांनी वाढतो आणि कमाल वेग त्याच हिशेबाने कमी होतो. मागच्या स्प्रॉकेटवर तोच परिणाम साधायला जवळपास तीन दात वाढवावे लागतात. यात हवा-पेट्रोलच्या मार्गाला हात लागत नाही, कायदा आड येत नाही आणि खर्च त्या शंकूच्या संचाच्या काही अंशानेही नाही. क्लचच्या स्प्रिंगाही जरा कडक घातल्या. जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन आणि शर्यतीचा कॅमशाफ्ट यांच्या वाटेला मी गेलो नाही. त्यांना महागडे पेट्रोल लागते आणि मला सोमवारी ऑफिसला जायचे असते.

अलिबागजवळ किनाऱ्यावर क्वाड भाड्याने देणारा माझा एक मावसभाऊ आहे. ‘दादा, तिकडचा एखादा भारी फिल्टर पाठव, गाड्या जरा पळतील,’ असा त्याचा निरोप आला. त्याच्या गाड्या लहान, कार्बुरेटरच्या. त्यांना पळवायचे नाही, वाचवायचे आहे. ‘उघडा फिल्टर लावलास तर मेन जेटही (पेट्रोल सोडणारे कार्बुरेटरचे मुख्य भोक) बदलावा लागेल, नाहीतर गाडी मिस मारेल,’ असे मी त्याला कळवले. शिवाय तिथल्या वाळूत मीठ आहे. ते फिल्टरच्या लोखंडी जाळीला आणि क्लॅम्पला गंज चढवते, म्हणून क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचाच हवा. कार्बुरेटरच्या बाबतीत मात्र मी त्याला काही शिकवायला गेलो नाही. नुसत्या कानाने जेटिंग जुळवणारा त्याचा मिस्त्री इथे आला, तर ग्लॅमिसमधली निम्मी मंडळी मीटर बाजूला ठेवून त्याच्यापुढे रांग लावतील. भावाला प्रत्येक गाडीसाठी दोन-दोन फोम पाठवले आहेत, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा गाडीत असेल. पैशांचा विषय त्याने अजून काढलेला नाही.