4 टीबीची ड्राइव्ह आणि 1678 चं भूत : होम सर्व्हर अपडेट

मंडळी, या आठवड्यात होम सर्व्हरचं (घरातल्या सगळ्या फाईली साठवायच्या कॉम्प्युटरचं) काम पुढं सरकणार होतं, ते एका आकड्यावर अडकलं. नवी 4 टीबीची हार्ड ड्राइव्ह आणली, जुन्या यूएसबी डॉकमध्ये (ड्राइव्ह खोचून यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड) खोचली, विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर ड्राइव्हची साईज 1678 जीबी. काढून परत घातली, केबल बदलली, दुसऱ्या लॅपटॉपला लावली, सगळीकडं 1678.

नवीन कुणी वाचत असेल तर सांगतो, 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमचं खालचं घर पाण्यात होतं, आजोबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटींचं खोकं माळ्यावर होतं म्हणून तेवढं वाचलं. त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं चाललंय. 24 बिट 96 किलोहर्ट्झला (म्हणजे भारी क्वालिटीत) 90 मिनिटांची एक कॅसेट 3 जीबीच्या वर जाते, आणि हो, एमपीथ्री करणार नाही, यावर वाद नको.

पहिला संशय अर्थातच दुकानदारावर, कमी साईजची गळ्यात मारली म्हणून. मिरजेच्या आत्तेभावाला फोन लावला, तो रिपेअरिंगचं करतो. म्हणाला, "दुसरी एखादी ड्राइव्ह लावून बघ आधी त्या डॉकला." लावली जुनी 1 टीबीची, 931 जीबी दाखवले, एकदम बरोबर. म्हणजे डॉक ठणठणीत, ड्राइव्हच खोटी असं ठरवून मी बिल शोधून पिशवी भरून तयार. इथंच माती खाल्ली, कारण 1 टीबीच्या ड्राइव्हवर हा घोळ दिसणारच नव्हता.

निघायच्या आधी सहज क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर त्यात 4000.7 जीबी! ड्राइव्ह स्वतःबद्दल खरं सांगतेय आणि विंडोजला मात्र भलतंच ऐकू येतंय. परत फोन. "दादा, आता काय?" तर म्हणाला, "1678 मध्ये 2048 मिळव की."

3726. आणि 4 टीबीच्या ड्राइव्हला विंडोज 3726 च दाखवतं, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं (म्हणून 3.63 टीबी दिसली की दुकानात भांडायला जाऊ नका).

म्हणजे बरोबर 2048 जीबी गायब होते. या जुन्या डॉकमधली चिप सेक्टर (ड्राइव्हवरचे डेटाचे छोटे कप्पे) 32 बिटात मोजते, 512 बाइटचे 4,29,49,67,296 सेक्टर झाले की तिचं मीटर परत शून्यावर येतं, जुन्या स्कूटरचं 99999 नंतर यायचं तसं. ड्राइव्हवर आहेत 7,81,40,37,168 सेक्टर, त्यामुळं एक फेरा मारून वर जे उरलं तेवढंच तिनं सांगितलं. 3 टीबीची घातली असती तर 746 दिसले असते, कुणाला हा आकडा दिसला तर ओळखा. काही जुने डॉक सरळ 2 टीबीवर थांबतात असंही आहे.

मग ड्राइव्ह काढली आणि थेट कॅबिनेटमध्ये मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडली. विंडोजनं इनिशियलाइज करा असं विचारलं, मी हाताच्या सवयीनं एमबीआरवर (ड्राइव्हच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) टिक करून ओके दाबलं आणि बघतोय तर दोन तुकडे : 2048 आणि 1678. परत तेच भूत! दोन मिनिटं खरंच घाम फुटला. पण आता गुन्हेगार वेगळा, एमबीआरच्या टेबलातपण सेक्टर नंबर 32 बिटाचाच, त्यामुळं 2048 च्या पुढचा भाग तिथं दिसतो पण वापरता येत नाही. ड्राइव्ह रिकामीच होती, राइट क्लिक करून जीपीटीला (तीच नोंद ठेवायची नवी पद्धत) कन्व्हर्ट केली, सलग 3726. डेटा असता तर आधी बॅकअप, कारण डिस्क मॅनेजमेंट पार्टिशन उडवल्याशिवाय कन्व्हर्ट करून देत नाही.

तरी मनातली पाल गेली नव्हती म्हणून एचटूटेस्ट लावलं, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं ते. रात्री जेवण झाल्यावर चालू केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं, मधे एकदा लाईट गेली पण इन्व्हर्टरनं ओढलं. एकही एरर नाही. दुकानदाराला मनातल्या मनात जे काय बोललो होतो ते मागं घेतलं.

डॉक टाकून दिलेला नाही, त्यावर पांढरी पट्टी चिकटवून मार्करनं लिहिलंय "2 टीबीच्या वर घालू नये". कालपासून कॅसेटी परत सुरू, सातवी चालू आहे, बाजू ब ला टेप जरा घरघरतेय.