दाव्यामागे धावणाऱ्याचा खर्च कुणी द्यायचा?

रस्ते अपघातात माणूस गेला की मोटार अपघात दाव्याची धावपळ एकाच्याच गळ्यात पडते, बहुधा दीर किंवा मेहुण्याच्या. एफआयआर, पंचनामा, पगाराचे पुरावे, तारखा. भरपाईत मात्र त्याच्या मेहनतीचा रकानाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या प्रणय सेठी निकालाने अंत्यविधीचे १५,००० रुपये ठरवले (दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ), धावपळीचं काही नाही.

म्हणून दाव्याआधीच सज्ञान वारसांनी लिहून ठेवावं: प्रवास, झेरॉक्स, बुडालेली रोजी किती धरायची, कुणाच्या हिश्श्यातून द्यायची. वहीत तारीखवार नोंद, पावत्या चिकटवलेल्या. टक्केवारी नकोच, रक्कम मोठी आली की तीच डोळ्यांत खुपते. अज्ञान मुलांच्या हिश्श्याला हात लावू नका. तो सहसा मुदत ठेवीत जातो, दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय निघत नाही. विधवेचीही काही रक्कम बहुधा तशीच अडकते, तेव्हा रोख हाती किती येईल हे वकिलाला आधीच विचारा.